किन्सी मिलहोन वाचायला घेताय? मग असं करा

किन्सी म्हणजे कादंबऱ्यांतली प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, लेखिका सू ग्राफ्टनची तिच्यावरची ही सिरीज एबीसीडीवर आहे, पहिलं पुस्तक ए चं १९८२ ला आलं, शेवटचं वाय चं २०१७ ला, एकूण २५, झेड नाहीच कारण त्याच वर्षी बाई गेल्या. केस बहुतेक त्या त्या पुस्तकातच मिटते, त्यामुळं मधलं कुठलंही उचला, मी सांगलीत रद्दीवाल्याकडं जे घावलं त्यावरच सुरुवात केली, के आधी आणि ए नंतर, काय अडलं नाही.

फक्त एक, पुस्तकं ३५ वर्षं निघत राहिली पण किन्सी ऐंशीच्या दशकातच आहे, मोबाईल नाही गुगल नाही, टाइपरायटर आणि इंडेक्स कार्डं. म्हणून शेजारी वही ठेवा, ती कार्डावर लिहिते तसं कोण कधी कुठं होता एवढं खरडा, नावं लई असतात ओ. इंग्रजी शब्द अडला तर डिक्शनरी काढत बसू नका, पुढं चला, दोन पानात कळतं.

आणि भडंगाचा डबा जवळ घ्या. ती पीनट बटर आणि लोणच्याचं सँडविच खाते, ते काकडीचं लोणचं असतंय, मी आपली कैरीची फोड लावून बघितली, तुम्ही नका बघू.