मायक्रोबायोलॉजी घेतलीय? मग आधी हात तयार करा

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी जर्नल कसंबसं पूर्ण करून सही मिळवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पुढे औषध कंपनीच्या क्यूसीसाठी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभाग) मुलाखत द्यायला गेलात की नेमकं तेच पहिल्या वर्षाचं विचारतात. ऑटोक्लेव्हचा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचा) काटा 15 पौंडांवर होता, 15 मिनिटंही झाली, तरी माध्यम (जिवाणू वाढवायचं खाद्य) निर्जंतुक का झालं नाही? कारण आतली हवा निघालीच नव्हती. हवा-वाफेच्या मिश्रणात काटा तेवढाच दाब दाखवतो, पण तापमान 121 अंश सेल्सिअसपर्यंत चढत नाही. म्हणून वाफेची सलग धार येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि वेळ 121 अंश गाठल्यावर मोजायची.

ग्राम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून जांभळे (ग्राम पॉझिटिव्ह) की गुलाबी (ग्राम निगेटिव्ह) हे ओळखणं, डोळे मिटून जमलं पाहिजे. 18 ते 24 तासांचं कल्चर (वाढवलेले जिवाणू) घ्या. स्मिअर (स्लाइडवरचा जिवाणूंचा थर) इतका पातळ हवा की त्यातून छापील अक्षरं वाचता यावीत. हवेत पूर्ण वाळल्यावर स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, आयोडीन 1 मिनिट, मग 95 टक्के अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन 30 ते 60 सेकंद. घोळ होतो तो अल्कोहोलपाशी. धुवणातला जांभळा रंग थांबला की लगेच पाणी, साधारण 10-15 सेकंदांत. जास्त वेळ गेला तर पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात. शिळ्या कल्चरमध्ये पेशींची भित्ती कमकुवत झाल्यानेही तेच होतं. स्मिअर जाड असेल तर उलटं, निगेटिव्ह जांभळे राहतात. त्यामुळे पडताळणीसाठी त्याच स्लाइडवर स्टॅफिलोकोकस (पॉझिटिव्ह) आणि ई. कोलायचे (निगेटिव्ह) नमुने ठेवाच.

जिवाणू मोजण्यासाठी नमुना पायरीपायरीने पातळ करायचा, त्या डायल्यूशनमध्ये 1 मिली नमुना 9 मिली सलाइनमध्ये. प्रत्येक पायरीला नवं पिपेट. 30 ते 300 कॉलन्यांचीच (प्लेटवर दिसणाऱ्या जिवाणूंच्या ठिपक्यांची) प्लेट मोजा.

इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) पाठ करू नका. विडालच्या (टायफॉइडच्या रक्ततपासणीच्या) नळ्यांमध्ये सर्वांत घट्ट सीरम असलेली नळी कधी कधी निगेटिव्ह आणि पुढच्या पॉझिटिव्ह का येतात, एवढं स्वतःला समजावून सांगा. अँटिबॉडी (रोगजंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) फार झाल्या की प्रत्येक जिवाणू त्यांनी स्वतंत्रपणे झाकला जातो, दोघांना जोडणारा पूल बनत नाही. याला प्रोझोन म्हणतात. हे उमगलं की टायटर (सीरम किती पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह येतं ते), लॅटिस (अँटिबॉडींनी जोडलेली जाळी) वगैरे आपोआप जागेवर बसतं.

नोकरीचं म्हणाल तर क्यूसीमध्ये स्टेरिलिटी टेस्टला (औषध निर्जंतुक आहे का ही तपासणी) 14 दिवस लागतात: थायोग्लायकोलेट माध्यम 30-35 अंशांवर, सोयाबीन केसीन माध्यम 20-25 वर. चौदाव्या दिवसापर्यंत नोंदी नेटाने ठेवणारा माणूस तिथे टिकतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं असेल तर डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करा. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

संशोधनाकडे वळायचं तर पुण्यातच एनसीसीएस (पेशीविज्ञानाची संस्था) आणि एनआयव्ही (विषाणू संशोधन संस्था) आहेत, पण आधी एमएस्सी आणि नेट किंवा गेट या पात्रता परीक्षा. सीएसआयआर नेटला मायक्रोचा वेगळा पेपर नसतो. लाइफ सायन्सेसमध्ये वनस्पती आणि पर्यावरणही येतं. गेटच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरात मायक्रोबायोलॉजी निवडता येते, मात्र रसायनशास्त्र सक्तीचं. तेव्हा बारावीची केमिस्ट्रीची पुस्तकं रद्दीत घालू नका.