व्हॅलेन्सियात घर बघताय? आधी कोरडा ओढा शोधा

स्पेनमधल्या या शहरात नव्याने येणारा मराठी माणूस घराबद्दल दोनच गोष्टी विचारतो: समुद्र किती लांब आणि भाडं किती. तिसरी मी विचारायला लावतो. जवळचा बारांको कुठे आहे? बारांको म्हणजे बहुतेक वर्षभर ठणठणीत कोरडा असलेला ओढा. त्यात झुडपं वाढतात, काठाने लोक कुत्री फिरवतात.

आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून. इथे जून ते ऑगस्ट आभाळ कोरडं आणि वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. भीती असते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून दमट पूर्ववारा येतो, किनाऱ्यामागच्या डोंगरांवर चढतो; त्याच वेळी वर थंड हवा अडकली की झालं. याला 'दाना' म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला तुरीस या आतल्या बाजूच्या गावात एका दिवसात ७७१ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहरालगतच्या पायपोर्ता गावात तेव्हा पाऊस जवळजवळ नव्हताच! पाणी वरून, चिवा गावाकडून, पोयो नावाच्या बारांकोतून आलं. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक तळमजल्यावर, नाहीतर तळघरातली गाडी वाचवायला उतरलेली. हवामान खात्याचा लाल इशारा सकाळीच लागला होता. मोबाइलवर सरकारी इशारा आला तो रात्री आठनंतर. इथल्या व्यवस्थेचं मी एरवी कौतुक करतो, पण लाल इशारा दिसला की फोन वाजायची वाट बघू नका, आणि गाडी जाऊ द्या.

१९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली. जुन्या पात्रात आता बाग आहे आणि शहराचा मुख्य भाग २०२४ मध्ये सुटला. बुडाली ती नव्या पात्राच्या दक्षिणेची गावं: पायपोर्ता, कातारोखा, सेदावी. तिथे घर घेऊच नका असं नाही. दुसऱ्या मजल्यावर घ्या. 'प्लांता बाहा' म्हणजे तळमजला, कितीही स्वस्त असो, नको. 'पात्रिकोवा' हा पूरधोक्याचा सरकारी नकाशा फुकट बघता येतो. आपली मंडळी देशी किराण्याचं दुकान नकाशावर आधी शोधतात, हा मात्र कोणी उघडत नाही.

बाकी किरकोळ. उन्हाळ्यात पश्चिमेचा पोनिएंते सुटला की पारा चाळिशीला जातो. तेव्हा खिडक्या उघडून 'वारा येऊ दे' करू नका. शेजारच्या आजीबाईंसारखे शटर खाली ओढा. हिवाळा बाहेर सौम्य, पण घरं गारठलेली आणि दमट. भाड्याचा करार करण्याआधी हीटर आहे का विचारा, आणि भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी दिसते का बघा.