घरातल्या सगळ्यांचे दात कसे सांभाळायचे? सुरुवात रात्रीच्या ब्रशपासून

आपल्या घरांमध्ये सकाळी दात घासायला कोणाला सांगावं लागत नाही, तोंड न धुता चहा मागितला तर आजी ओरडणारच. पण रात्रीचं विचारा. ठाणे, ऐरोली, वाशी, कुठलंही घर घ्या, कामावरून यायला साडेनऊ, जेवायला दहा, मग मोबाईल, मोबाईल बघता बघता थोडं फरसाण नाहीतर डब्यातला लाडू, आणि तसंच आडवं व्हायचं. मला तर ठाम वाटतं की सगळ्या घराला एकच सवय लावायची असेल तर ती रात्रीच्या ब्रशची लावा, बाकी सगळं त्याच्या मागून येऊ दे.

कारण साधं आहे. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं ॲसिड करतात आणि ते ॲसिड दाताचं वरचं कडक आवरण विरघळवायला लागतं. दिवसा लाळ ते ॲसिड धुऊन काढते, नुकतं विरघळायला लागलेलं आवरण थोडं भरूनही काढते. झोपेत लाळ एकदम कमी होते, म्हणजे दातांना चिकटलेलं अन्न रात्रभर तसंच राहतं आणि वाचवायला कोणी नाही.

पहिलं काम: वेळ बदला

झोपायच्या आधी ब्रश करू असं ठरवलं की तो होत नाही, कारण तोपर्यंत डोळे मिटायला लागलेले असतात. म्हणून जेवण झालं, थोडा वेळ गेला, ओटा आवरला की लगेच ब्रश. मुलं आठ-साडेआठला जेवत असतील तर त्यांचा ब्रश तेव्हाच, आईबाबा घरी यायची वाट बघू नका, आजीआजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या, ते खरंच मनापासून करून घेतात. त्यानंतर फक्त पाणी. रात्री दूध प्यायची सवय असेल तर दूध आधी आणि ब्रश नंतर, हा क्रम घरात सगळ्यांना पाठ झाला पाहिजे.

ब्रश आणि पेस्ट घेताना

ब्रश सॉफ्ट घ्या. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात असं खूप जणांना वाटतं पण तसं नाही, उलट हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाजवळ खाच पडते आणि मग थंड पाणी प्यायलं की कळ येते. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला, त्याआधीच काड्या वाकड्या झाल्या तर तेव्हाच. ब्रशला टोपण घालून बंद ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळतच नाही, ग्लासात उभा ठेवा, आणि प्रत्येकाचा वेगळा, एकाच ब्रशवर नवराबायको चालवतात तेही बंद करा.

पेस्टच्या पाकिटावर एकच गोष्ट शोधायची, फ्लोराईड. नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असतं. बऱ्याच आयुर्वेदिक आणि हर्बल पेस्टमध्ये फ्लोराईड नसतं, चव आवडते म्हणून वापरायची तर वापरा पण किडीपासून जो बचाव फ्लोराईडने होतो तो त्यात मिळत नाही हे माहीत असू द्या. राखुंडी, लाल मंजन, मीठ, कोळशाची पावडर यांनी दात घासले जातात म्हणजे अक्षरशः घासून झिजतात, आणि झिजलेलं आवरण परत येत नाही.

घासायचं कसं

दोन मिनिटं, दोन वेळा. दोन मिनिटं म्हणजे किती हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही, एकदा मोबाईलवर टायमर लावून बघा, आपण किती लवकर संपवतो ते लक्षात येईल. ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरायचा, छोटे छोटे गोल फिरवायचे, जोर लावायचा नाही. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, आणि सगळ्यात मागची दाढ जिथे ब्रश पोचतच नाही तिथे तोंड थोडं मिटून ब्रश आत सरकवायचा म्हणजे जागा होते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते, तिथेच पिवळं कीटण साठतं. शेवटी जीभ.

आता एक गोष्ट जी बहुतेक जणांना पटायला वेळ लागतो. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका पण खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराईड दातावर थोडा वेळ राहिलं पाहिजे, आपण लगेच तांब्याभर पाण्याने ते धुऊन टाकतो. चुळा भरायच्याच असतील तर जेवणानंतर, ब्रशच्या आधी, भरा.

दोन दातांच्या फटीत ब्रश जातच नाही, तिथे फ्लॉसचा दोरा किंवा बारीक फटीचा ब्रश लागतो, मेडिकलमध्ये मिळतो. दिवसातून एकदा, रात्री. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त येईल, घाबरून सोडू नका. हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच लावायचा नाही असं कितीतरी लोक करतात आणि त्यानेच ते वाढतं, कारण रक्त येतंय म्हणजे तिथे घाण साठून हिरडी सुजलेली असते. व्यवस्थित साफ करूनही आठदहा दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी यांनी दाढ कोरायचं मात्र कायमचं बंद.

गोड किती यापेक्षा कितीदा

हे नीट समजून घ्या, कारण गोड अजिबात खायचं नाही असं कोणी सांगत नाहीये. जेवणासोबत श्रीखंड खाल्लं तर दातांवर एकदा हल्ला होतो आणि लाळ पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात सावरून घेते. पण तेवढीच साखर दिवसभरात पाच कटिंग चहा आणि प्रत्येकासोबत दोन बिस्किटं अशी गेली तर दात सावरायच्या आत पुढचा हल्ला. वागळे इस्टेट किंवा महापेच्या ऑफिसमध्ये बसणाऱ्यांचं नेमकं हेच होतं, टेबलावर चहा थंड होत असतो आणि तासभर एकेक घोट चालू असतो. चहाची साखर कमी करा, बसल्या जागी एकदाच संपवा, नंतर एक घोट साधं पाणी तोंडात फिरवून गिळा, एवढं केलं तरी खूप फरक पडतो. मुलांच्या डब्यात क्रीमची बिस्किटं आणि चॉकलेटपेक्षा शेंगदाणे, काकडी, चीज, फळांच्या फोडी. चिक्की, जेली अशा चिकट गोष्टी दाढेच्या खाचेत बसून राहतात म्हणून त्या जेवणाच्या वेळीच. लिंबू सोडा, कोकम सरबत, कोल्ड्रिंक प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, आवरण तेव्हा मऊ झालेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या.

बाळापासून सहावीपर्यंत

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि त्याच दिवसापासून घासायचा. त्याआधी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तशी नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, बाटलीत साखर घालू नका, आणि चोखणी मधात बुडवून देणं तर नकोच, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं दातांशिवायही धोक्याचं आहे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणा, काही दुखत नसताना.

दुधाचे दात काय, पडणारच आहेत, हे वाक्य मला फार खटकतं. मुलाची दाढ ठणकते तेव्हा ते जेवत नाही, झोपत नाही, शाळेत लक्ष लागत नाही. शिवाय दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाटच राहत नाही, मग पुढे तारा लावाव्या लागतात.

आणि सहाव्या वर्षी खास लक्ष द्या. तेव्हा सगळ्यात मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीमागे, पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात न पडता येते म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि कीड लागली तरी पडेलच म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती आयुष्यभराची आहे. तिच्या खाचा खोल असतात म्हणून डॉक्टरला विचारून त्यात सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून घ्या, दुखत नाही, इंजेक्शन नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांनी घासल्यावर मोठ्यांनी एकदा ब्रश फिरवायचाच, त्यांच्या हाताला तेवढं वळण नसतं.

मोठ्यांचं आणि म्हाताऱ्यांचं

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, ते हार्मोनमुळे. त्यात ब्रश सोडायचा नाही. उलटी झाल्यावर आधी पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने. दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, फक्त डॉक्टरला आधी सांगा.

डायबिटीस असेल तर हिरड्यांचा आजार लवकर वाढतो आणि हिरड्या खराब असल्या तर शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, दोन्हीकडून त्रास. शुगर चेक करायला जाता तसं वर्षातून दोनदा हिरड्या दाखवायला जा.

आजीआजोबांची कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना आराम मिळतो. गरम पाण्यात टाकू नका, वाकडी होते. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात, मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो, आणि धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून घ्या म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. बीपीच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तेव्हा सतत गोड गोळी चघळत बसण्यापेक्षा घोट घोट पाणी प्यायला सांगा.

मशेरी, सुपारी, तंबाखू

हे मी कळकळीने लिहिते आहे. आपल्या घरांतल्या कितीतरी बायका अजून सकाळी मशेरी लावतात आणि घरात कोणी त्याला व्यसन म्हणतच नाही, दात घासणंच आहे असं समजतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू वापरायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? आणि नुसती सुपारी, तंबाखू नसलेली, तीही निर्दोष नाही, तिनेही कॅन्सर होतो, आणि गालाच्या आतली कातडी आवळत जाऊन तोंड उघडेनासं होतं. एक साधी तपासणी करा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर लगेच दाखवा.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा तोंड आलंय आणि दोन आठवड्यांत बरं होत नाहीये, असं असेल तर बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात बसू नका, दाखवा. खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे, पण सुरुवात जवळच्या दातांच्या डॉक्टरपासूनही चालते. तंबाखू सोडायला मदत पाहिजे असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाईन, म्हणजे व्यसन सोडवायला मदत करणारी फोनसेवा, आहे, फोन फुकट आहे. आई-काकूंना ओरडून मशेरी सुटत नाही, त्यांच्याशेजारी बसून तो फोन लावून द्या.

डॉक्टर कधी आणि कुठे

सहा महिन्यांनी एकदा, दुखो न दुखो. क्लिनिंग केल्याने दात हलायला लागतात हा गैरसमज आहे, दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने धरून ठेवलेले असतात, ते निघालं की कळतं. वरची दाढ काढली की नजर कमी होते हेही खरं नाही.

खर्चाची भीती असेल तर डेंटल कॉलेजांची ओपीडी बघा. नवी मुंबईत तशी बरीच आहेत, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एम.जी.एम. शिकणारे डॉक्टर काम करतात, त्यांचे सर-मॅडम तपासतात, त्यामुळे वेळ लागतो पण साधारणपणे खाजगी क्लिनिकपेक्षा पैसे बरेच कमी. ठाणेकरांना ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळ सरळ पडतं. सकाळी लवकर जा, आधीचे कागद, चालू गोळ्यांची यादी आणि शुगर-बीपीचे रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि एका फेरीत सगळं होईल असं धरून जाऊ नका.

सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवा, जमलं तर तिथेच परत त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या, नाही जमलं तर कपभर दुधात टाका आणि अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही, नुसता दाखवून यायचा.