घरच्या गॅरेजमध्ये जुनी एमजीबी : आधी सांगाडा, मग ब्रेक, ताकद सगळ्यात शेवटी

जुनी स्पोर्ट्‌स कार घरी दुरुस्त करायला घेतली की बहुतेकांचे हात आधी इंजिनाकडे वळतात आणि कामाचा क्रम तिथेच चुकतो. इंजिन उतरवून बाकावर ठेवता येते, सवडीने खोलता-जोडता येते आणि अगदीच निकामी निघाले तर दुसरे आणून बसवता येते. गंजाने पोखरलेल्या सांगाड्याचे काम इतके सोपे नसते. म्हणून आधी पत्रा, मग ब्रेक व स्टिअरिंग, त्यानंतर इंजिन आणि वायरिंग, आणि गाडी मूळ रचनेत व्यवस्थित धावू लागल्यावरच फेरबदल, हा क्रम सोडू नये.

येथे उदाहरणासाठी एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी घेतली आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, त्यामुळे तिचे जवळजवळ सर्व सुटे भाग आजही मिळतात. मूळ साचे वापरून तिचे संपूर्ण बॉडीशेल 1988 पासून नव्याने बनवले जाऊ लागले. यंत्ररचनाही सरळ आहे : 1798 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बहुतेक गाड्यांत दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पाट्यांच्या स्प्रिंग. घरी शिकत शिकत काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीची स्पोर्ट्‌स कार क्वचितच सापडेल. मात्र तिला वेगळी चॅसी नाही. सगळा भार पत्र्याच्या पेटीसारख्या शरीरावरच असतो, आणि गाडीचा निकाल तिथेच लागतो.

खोलण्यापूर्वी

गाडी चालत असेल तर ती लगेच सुटी करू नये. ब्रेक सुरक्षित असल्याची खात्री करून ती थोडी चालवावी आणि कुठला गिअर निसटतो, ब्रेक दाबल्यावर गाडी कोणत्या बाजूला ओढते, गरम झाल्यावर तेलाचा दाब किती उरतो, हे लिहून ठेवावे. सुट्या पडलेल्या गाडीतून ही माहिती मिळत नाही. प्रत्येक जोडणीचे खोलण्याआधी फोटो काढावेत, आणि नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत त्या त्या भागासोबतच ठेवावेत. नवा भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत जुना टाकून देऊ नये, कारण बाजारातील पर्यायी भागांचे माप नेहमीच तंतोतंत असते असे नाही. सगळी गाडी एकाच झटक्यात खोलण्याचा मोह आवरावा. अर्ध्यावर सोडून विकायला काढलेल्या बहुतेक गाड्या खोक्यांत भरलेल्याच असतात.

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नये. सपाट काँक्रीटवर भक्कम स्टँड लावून, गाडीला हाताने जोराने हलवून पाहावे आणि मगच खाली शिरावे. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये आणि क्लच-प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

सिल : खरे काम येथे आहे

दारांखालून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पेटीला सिल म्हणतात. एमजीबीत ती अनेक पत्र्यांची मिळून बनते : बाहेरचा सिल, आतला उभा पत्रा आणि खालचा, वळणे दिलेला तिसरा तुकडा, जो बाहेरून फारसा दिसत नाही. पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात चिखल साठतो, तिथला ओलावा सिलमध्ये उतरतो आणि पेटी आतून कुजत जाते. बाहेरचा पत्रा रंगवून चकचकीत केलेला असताना आतले दोन्ही नाहीसे झालेले असू शकतात. छत नसलेल्या रोडस्टरमध्ये गाडीचा ताठपणा मुख्यतः या पेटीवरच अवलंबून असल्याने ही बाब केवळ दिसण्यापुरती नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना दार आणि त्याच्या मागचा खांब यांमधली फट वर, मध्ये आणि खाली मोजून ठेवावी. मग एका बाजूला जॅक लावून गाडी हळूहळू उचलावी आणि फटीवर नजर ठेवावी. फट स्पष्टपणे बदलू लागली, किंवा उचललेल्या अवस्थेत दार उघडल्यावर परत नीट लागेना, तर सिलने काम करणे सोडले आहे असे समजावे. चुंबक लावल्यास पत्र्याऐवजी भरलेली लांबी (पुट्टी) कुठे आहे तेही कळते.

सिल कापण्यापूर्वी पुढचा आणि मागचा खांब दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पोलादी नळ्यांनी घट्ट बांधून घ्यावा. आधार सस्पेन्शनच्या जागी द्यावा, म्हणजे शरीरावर नेहमीसारखाच भार राहतो. एका वेळी एकच बाजू करावी. दोन्ही बाजू एकदम कापल्यास गाडी मधोमध झुकते आणि नवे पत्रे त्याच झुकलेल्या स्थितीत कायमचे जोडले जातात. नवा सिल आधी केवळ चिमट्यांनी धरून दार बसवून पाहावे, फट पूर्वीच्या मापांशी ताडावी, मग ठिपक्याठिपक्याने जोडावे, पुन्हा दार लावून पाहावे आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग करावे. दार बसवण्या-उतरवण्याचा हा खटाटोप कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही.

अशा पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डिंग, 0.6 मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण घरी वापरायला ठीक पडते. लांब सलग शिवण एकदम ओढली तर पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून दोन-अडीच सेंटिमीटरचे टाके लांब लांब अंतरावर घालून जागा गार होऊ द्यावी. कारखान्यात जेथे स्पॉट वेल्ड होते तेथे वरच्या पत्र्याला छिद्रे पाडून ती भरून घ्यावीत. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे जोडण्याआधी जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि सगळे रंगकाम झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारावे. हे शेवटचे काम टाळले तर नवा सिलही आतूनच गंजेल. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. आत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

रंगाबाबत एकच सांगतो : दोन घटक मिसळून वापरायच्या रंगांत आयसोसायनेट असते, आणि ते साध्या मास्कने अडत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर अंतिम रंग व्यावसायिकाकडून मारून घ्यावा. घासणे, लांबी भरणे आणि प्रायमर येथपर्यंतचे काम आपण केले तरी खर्चाचा मोठा भाग वाचतो.

ब्रेक आणि स्टिअरिंग

ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि मागचे सिलिंडर आतून गंजलेले निघतात. केवळ रबरे बदलून भागवणे हे माझ्या मते खोटी काटकसर आहे. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागेल इतका खड्डा असेल तर सिलिंडरच बदलावा. पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या नळ्या टाकाव्यात, रबरी होज सरसकट नवे घ्यावेत. ब्रेकच्या तेलाचे डॉट 4 आणि सिलिकॉनचे डॉट 5 हे प्रकार एकमेकांत मिसळू नयेत.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये किंगपिन, म्हणजे ज्यांच्याभोवती पुढची चाके वळतात त्या उभ्या खिळी, असतात आणि ते ग्रीसवरच जगतात. चाक उचलून वरखाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास साहाय्यकाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगमध्ये, राहिला तर किंगपिनमध्ये किंवा त्याच्या बुशमध्ये. तारांची चाके असतील तर हबवरच्या खाचांचे दात पाहावेत : झिजून टोकदार झालेले दात गाडी पुढे-मागे सरकवताना खट्ट असा आवाज करतात, आणि तो आवाज अनेकदा गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

इंजिन आणि कार्ब्युरेटर

बराच काळ बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल घालावे, एक दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. फिरू लागल्यावर सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एखाद्या मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. एखादा कमी भरल्यास त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हेड उतरवलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात, कारण शिसेविरहित पेट्रोलवर जुन्या मऊ सीट हळूहळू खचतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून त्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी बदलाव्यात. गळती ऐन इंजिनावर होते हे विसरू नये.

दोन एसयू कार्ब्युरेटर जुळवण्याला उगाच गूढ विद्या ठरवले गेले आहे. अट एवढीच, की त्याआधी व्हॉल्व्हची फट, इग्निशनचे पॉइंट आणि ठिणगीचे टायमिंग जागेवर असावे. इंजिन पूर्ण गरम करावे, एअर फिल्टर काढावेत आणि दोन्ही थ्रॉटल जोडणारा दुवा सैल करावा. एक रबरी नळी कानाला लावून तिचे दुसरे टोक प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरावे आणि दोन्हीकडची हवेची फुसफुस सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवावेत. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम 1 मिमी उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण पेट्रोलने जड आहे. वेग लगेच पडू लागला तर मिश्रण विरळ आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर आहे. एसयूच्या एचएस 4 प्रकारात जेटचा नट वर चढवला की मिश्रण विरळ होते, खाली उतरवला की जड. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवावी, थांबावे, ऐकावे. शेवटी दुवा घट्ट करावा आणि कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात एसएई 20 तेल घालावे.

वायरिंग

1967 पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे न पाहता बॅटरी जोडणे महागात पडते. ऋण अर्थिंग करायचे असल्यास डायनॅमोला नवी ध्रुवता द्यावी लागते, कॉइलच्या वायरी उलटाव्या लागतात आणि रेव्ह काउंटरमध्ये (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरमध्ये) आतून फेरफार करावा लागतो. या गाड्यांच्या विजेला नावे ठेवण्याची प्रथाच आहे, पण हार्नेसपेक्षा (वायरींच्या जुडग्यापेक्षा) दोष बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि सैल जोडण्यांत सापडतो. प्रत्येक अर्थिंगची जागा चकाकेपर्यंत घासावी. हेडलाइटसाठी रिले बसवला तर जुन्या स्विचवरचा भार कमी होतो आणि उजेडही वाढतो.

फेरबदल

येथपर्यंतचे काम झाल्यावर गाडी काही महिने मूळ रचनेत चालवावी, कारण ज्याला ‘कमजोर इंजिन’ समजून लोक नवे भाग विकत घेतात ते पुष्कळदा नुसते बिघडलेले टायमिंग असते. मूळ इंजिन सुमारे 95 अश्वशक्तीचे आहे, आणि हलक्या गाडीला ते पुरते.

पैसे आधी चांगल्या टायरवर आणि नव्या बुशवर खर्चावेत. रुंद टायर लावण्याची हौस आवरावी. स्टिअरिंग जड होते आणि गाडीची चपळाई जाते. पुढचा मूळ डँपर केवळ धक्के शोषत नाही, तोच सस्पेन्शनचा वरचा हातही असतो, म्हणून टेलिस्कोपिक डँपरचा संच घेताना त्या हाताची व्यवस्था कशी केली आहे ते आधी पाहावे. 1974 च्या अखेरीपासून आलेल्या रबरी बंपरच्या गाड्या उंच बसवलेल्या होत्या. त्यांची उंची कमी करून पुढे जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारी दांडी) लावल्यास वळणावर लक्षणीय फरक पडतो. क्रोमचे बंपर लावण्यासाठी पुढच्या-मागच्या पत्र्याची बरीच कापाकापी करावी लागते. मला ते खटाटोपाच्या मानाने पटत नाही.

इंजिनाच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा सर्वात निर्धोक बदल आहे आणि तो तासाभरात परत फिरवता येतो. त्यापुढे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मोकळे फिल्टर येतात, पण ते बसवल्यावर कार्ब्युरेटरच्या सुया बदलल्याच पाहिजेत, नाहीतर मिश्रण विरळ होऊन पिस्टन जळण्याचा धोका असतो. नवा कॅमशाफ्ट बसवल्यास टॅपेटही नवे घ्यावेत, जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले तेल भरावे आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर ते सुमारे वीस मिनिटे 2000 आरपीएमच्या आसपास ठेवावे. आयडलवर सोडल्यास कॅमला पुरेसे तेल मिळत नाही आणि त्याची टोके पहिल्याच दिवशी खराब होतात. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जोड-यंत्रणा) नसलेल्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स टाकल्याने महामार्गावरचा आवाज आणि इंजिनावरचा ताण जितका उतरतो, तितका फायदा बहुतेकांना वीस जादा अश्वशक्तींतूनही होत नाही.

काढलेले मूळ भाग तेल लावून, गुंडाळून ठेवावेत, आणि प्रत्येक बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी. नव्याने जोडलेल्या इंजिनाने साधारण 800 किलोमीटर पूर्ण केल्यावर तेल आणि फिल्टर बदलावा, हेडचे नट गार इंजिनावर ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळावेत, त्यानंतर व्हॉल्व्हची फट 0.38 मिमीवर आणावी, आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा.