गोव्यातून मेडुसा बिंबाभ्रिकेचे छायाचित्र

मिथुन राशीतील मेडुसा ही बिंबाभ्रिका, म्हणजे मरणासन्न ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचे विरळ कवच, जॉर्ज एबेल यांनी १९५५ साली शोधली. तिचा विस्तार सुमारे १० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या एक तृतीयांश एवढा आहे. पण तिचा प्रकाश एवढ्या क्षेत्रावर पसरलेला असल्याने लहान दुर्बिणीतून ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. तरीही गोव्यातील हौशी छायाचित्रकाराने ती जरूर निवडावी, कारण तिची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) उत्तर सव्वातेरा अंश असल्याने ती आपल्या खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम दोन अंशांवरून जाते आणि तिचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत कमी जाडीतून आपल्यापर्यंत येतो. जानेवारीच्या मध्यास ती मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात माथ्यावर येते. किनाऱ्यावरील दिव्यांपासून दूर, सत्तरी तालुक्यात किंवा काणकोणच्या आतल्या भागात जागा शोधावी.

खरी अडचण माउंटची, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीची आहे. तिचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेपंधरा अंशच वर असतो आणि बहुधा माडांच्या किंवा डोंगराच्या आड जातो. म्हणून ध्रुवतारा न पाहता, आकाशाच्या तीन ठिकाणांची छायाचित्रे ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवून अक्ष साधणारी संगणकीय पद्धत वापरावी. इतक्या कमी अक्षांशावर माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि समतोलाचे वजन ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकते. तेव्हा काळोख पडण्यापूर्वीच दुर्बीण सर्व बाजूंना हाताने फिरवून पाहावी आणि गरज पडल्यास माउंटखाली उंची वाढवणारा खांब बसवावा. बिंबाभ्रिका याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवावी लागते, त्या वेळी स्वतः जवळ उभे राहावे.

६०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे १.३ विकला (एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) मावतात आणि बिंबाभ्रिका साधारण ४६० पिक्सेल रुंद येते. हे प्रमाण मला योग्य वाटते. रंगीत कॅमेऱ्यापुढे हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन (५००.७ नॅनोमीटर) एवढाच प्रकाश सोडणारा दुहेरी नॅरोबँड फिल्टर लावावा. चांदण्याने ऑक्सिजनची रेषा अधिक झाकोळते, म्हणून अमावास्येजवळच्या रात्री राखून ठेवाव्यात. फोकस बाख्तिनोव्ह मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायच्या खाचांच्या झाकणाने) साधावा आणि तापमान उतरेल तसा पुन्हा तपासावा.

हिवाळ्यात दव भरपूर पडते; भिंगाभोवतीचा तापपट्टा दव दिसल्यावर नव्हे, तर संध्याकाळीच सुरू करावा.

प्रत्येकी ३०० सेकंदांची किमान ९६ छायाचित्रे, म्हणजे ८ तास, तीन-चार रात्रींत मिळून घ्यावीत आणि दर काही छायाचित्रांनंतर दुर्बीण किंचित सरकवावी, म्हणजे संवेदकाचे दोष एकाच जागी साचत नाहीत. संकेत-गोंगाट गुणोत्तर (खरा प्रकाश आणि चित्रातला खरखरीतपणा यांचे प्रमाण) वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्याने ते दुप्पट करण्यासाठी चौपट वेळ लागतो. घाईने दोन तासांत थांबल्यास कोयरीसारखी तांबडी कड कशीबशी उमटते, पण तिच्या आतला निळसर-हिरवा ऑक्सिजन गोंगाटात बुडून राहतो. डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) छायाचित्रे वगळू नयेत. सर्व छायाचित्रे एकत्र केल्यावर लाल आणि निळसर-हिरवा भाग वेगळे काढून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उजळवावा, कारण दोन्ही एकाच प्रमाणात उजळवल्यास तांबडा रंग आतल्या नाजूक ऑक्सिजनला गिळून टाकतो.