साउथ पासला निघण्याआधी डिकी उघडा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली ओरेगॉन ट्रेल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे गेलेल्या स्थलांतरितांची वाट, बघायला निघताय? आधी भाड्याच्या गाडीची डिकी उघडा आणि तळाचा पत्रा उचलून स्टेपनी आहे का बघा. काउंटरवरच्या 'सगळं आहे'वर जाऊ नका. हल्ली बऱ्याच गाड्यांत तिथे पंक्चर भरायची बाटली असते. टायरची कड फाटली की ती शून्य कामाची. स्टेपनी असेल तर हवा तपासा, जॅकही बघा.

पाणी, टोपी, खाणं सांगायला नकोच. पेट्रोल कॅस्परला, पुन्हा लँडरला. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मधे रेंज नाही. जुलैतही विंडचीटर हवाच. वारा असा की दार हाताने धरून उघडायचं, नाहीतर बिजागरीसकट वाकतं.

इंडिपेंडन्स रॉकला दुपारी जाऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हात ग्रॅनाइटवर कोरलेली नावं नीट वाचता येतात. चार जुलैपर्यंत इथे पोचलो तर बर्फाआधी डोंगर पार होतील, असा गाडीतांड्यांचा हिशेब असे. जवळच पांढरी कड धरलेली डबकी दिसतात, तो क्षार. बैल ते पाणी पिऊन मरायचे आणि बायका तीच पांढरी पूड सोडा म्हणून पावात घालायच्या! तुम्ही लांबूनच बघा. पुढे डेव्हिल्स गेट. स्वीटवॉटर नदी त्या फटीतून जाते, गाड्यांना मात्र वळसा पडायचा.

साउथ पास सुमारे ७,४०० फुटांवर. खंडाळ्याचा घाट डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर खिंड कधी ओलांडली तेच कळणार नाही, इतकी ती सपाट आणि रुंद. नुसती सेजब्रशची करडी झुडपं. म्हणूनच तर इथून बैलगाड्या गेल्या. १८३६ मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या मिशनरी बायका इथून गेल्या, त्यांच्या नावाचा दगड आहे. त्यासाठी हायवे २८ सोडून खडीच्या रस्त्यावर उतरावं लागतं आणि तिथेच स्टेपनी लागते. टोकदार खडी, सेजब्रशचे सुकलेले बुंधे, मदतीला चिटपाखरू नाही. बघितली ना डिकी? पाऊस पडला असेल तर त्या रस्त्याला जाऊच नका, चिकणमाती चाकांना लिंपून बसते. जुन्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांवर गाडी घालू नका.

साउथ पास सिटी हे जुनं खाणगाव तासाभरात बघून होतं. फार्सन गावात आइस्क्रीम खा. अंधाराआधी परता, हरणं रस्त्यावर येतात.