कंपनीची गाडी घरी वापरताय? कराच्या या चुका टाळा

जूनमध्ये फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) हातात पडला की हा प्रश्न हमखास येतो: ‘गाडी कंपनीच्या नावावर आहे, मग मला कर कसला?’ गाडी कंपनीची असली तरी घरच्या कामाला वापरलीत की ती सोय पगारातच धरली जाते. तिला पर्क्विझिट म्हणतात. नवी करप्रणाली घेतली तरी ती सुटत नाही. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे, १९६२ च्या आयकर नियमांमधले आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यामुळे पुढच्या महिन्यांना हेच आकडे लावू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाडी फक्त ऑफिसच्या कामाला आहे असं लिहून देणं. त्यासाठी प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद लागते, शिवाय कंपनीचा दाखला. एकांचं लॉगबुक मी पाहिलं होतं. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. रविवारी गाडी उभी असल्याचं त्यात होतं आणि फास्टॅगच्या यादीत त्याच रविवारी खेड-शिवापूरचा टोल! हा आटापिटा कशासाठी? गाडी थोडी कामाला, थोडी घरी आणि खर्च सगळा कंपनीचा असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या (१,६०० सीसी) इंजिनाला महिन्याला १,८०० रुपये तुमच्या उत्पन्नात धरतात, त्याहून मोठ्याला २,४००. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. म्हणजे लहान इंजिन आणि ड्रायव्हर मिळून वर्षाला ३२,४०० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यातही सेससकट कर साधारण १०,१०० होतो. तेवढ्यासाठी खोटी वही लिहू नका. घर ते ऑफिस ही ये-जा तर मुळात पर्क्विझिटमध्ये येतच नाही.

गाडी दिसायला केवढी आहे यावरून आकडा ठरवू नका. आरसीवर सीसी बघा. १,४९८ सीसीची एसयूव्ही कितीही थोराड दिसली तरी १,८०० मध्येच बसते.

‘मी कंपनीला महिन्याला थोडे पैसे भरतो, ते वजा होतील’ हाही गैरसमज. अशा मिश्र वापरात ते वजा होत नाहीत. घरगुती वापराचा खर्च खरोखर तुम्ही स्वतः करत असाल, तर मात्र लहान आणि मोठ्या इंजिनाचे आकडे ६०० आणि ९०० होतात.

कंपनीकडून दुसरी गाडी घेताना फार जपा. ती निव्वळ खासगी धरली जाते. मग इंधन, दुरुस्ती, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीच्या किमतीच्या १० टक्के घसारा, सगळं तुमच्या उत्पन्नात. १२ लाखांच्या गाडीचा नुसता घसाराच १,२०,००० होतो. इथे मात्र तुम्ही कंपनीला भरलेले पैसे वजा मिळतात.

फॉर्म १६ मध्ये आकडा चुकलेला वाटला तर सोबतचा फॉर्म १२बीए (पर्क्विझिटची यादी) उघडून गाडीची ओळ तपासा आणि पेरोलकडून दुरुस्ती करून घ्या. रिटर्नमध्ये परस्पर आकडा कमी केलात तर कंपनीने कळवलेल्या पगाराशी तो जुळणार नाही.

कंपनीच्या मालकीची गाडी शेवटी स्वस्तात विकत घेणार असाल तर तारीख बघा. वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला उरलेल्या किमतीतून २० टक्के कमी होतात. १२ लाखांची गाडी तीन वर्षं पूर्ण झाल्यावर ६,१४,४०० ची धरतात, पण दोन वर्षं अकरा महिन्यांनी घेतलीत तर ७,६८,०००. तुम्ही दिलेली रक्कम वजा जाता उरलेलं सगळं करपात्र. एक महिना थांबलात तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात जवळजवळ ४८,००० रुपये वाचतात.